लपण आणि तार

आमच्या भागात आता लपण कोणी बांधत नाही, तार लावतात. तूर शेंगांवर आली, हरभरा घाट्यांवर आला, की दिवसाउजेडी धुऱ्याधुऱ्याने एक चक्कर मारून पाहा. गुडघ्याच्याही खाली, बांबूच्या खुंट्यांना वेढे देत गेलेली बारीक तार दिसेल. दिसली तर. दिवसभर ती मुकी असते. रात्री वरच्या लाइनवर आकडा टाकला की तिच्यात जीव येतो, आणि उजाडायच्या आत कोणीतरी जाऊन आकडा काढून आणतो, की ती पुन्हा साधी तार. "डुकरासाठी लावली," असं सांगतात. जणू तारेला तसं बजावून ठेवलेलं असतं.

मला त्या तारेविरुद्ध बोलायचं आहे, आणि लपणाच्या बाजूनं. बंदुकीच्या बाजूनं नाही, हे आधीच सांगतो, कारण लपण म्हटलं की लोकांना लगेच शिकार आठवते. झाडावर बांधतात ते मचाण. शेतात चार खांबांवर उभारतात तो माळा. आणि जमिनीवरच, काट्याकुट्यांनी स्वतःला झाकून घेऊन जनावराची वाट पाहत बसायची जागा म्हणजे लपण. शहरातल्या वाचकाला हा शब्द भेटला असेल तर मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांत. आम्हाला तो घरात भेटला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोरच्या जंगलाच्या अंगाला. १९७० साली बोरचं अभयारण्य झालं आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. पण माझ्या लहानपणी ते नुसतं 'जंगल' होतं, आणि जंगलाला लागून असलेल्या वावराला राखण लागते ही गोष्ट पाऊस पडल्यावर चिखल होतो इतकी साधी होती. जागल म्हणत. दिवाळी झाली की घरटी एक माणूस जागलीला जायचा. आमच्या घरून मोठेबाबा जात, म्हणजे माझ्या वडलांचे मोठे भाऊ, आणि त्यांच्यासोबत आमचे सालदारबाबा. सालदारबाबा जातीने गोंड, साल आमच्याकडे धरलेलं. पण लपण बांधायचं असलं की मालक कोण आणि सालदार कोण हे उलटं होऊन जायचं. मोठेबाबा त्यांच्या हातात कोयता द्यायचे आणि स्वतः तुराट्यांचे भारे उचलायचे.

लपण कसं बांधतात ते जरा सविस्तर सांगतो. आता सांगणारे कमी राहिले, आणि माझं सगळं भांडण त्या बांधण्यातच आहे.

पहिले तीन दिवस काही बांधायचंच नाही. फक्त पाहायचं. डुकरं कोणत्या नाल्यातून चढतात, धुरा कुठे फोडतात, चिखलात लोळून कोणत्या झाडाच्या बुंध्याला अंग घासतात. त्या झाडाला चिखलाचा पट्टा बसलेला असतो. तो किती उंचीवर आहे त्यावरून डुक्कर केवढं ते कळतं. ओल्या मातीत डुकराच्या पावलामागे दोन लहान खुरांचे ठसे जास्तीचे उमटतात. रोह्याचं वेगळं असतं. रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकतं, त्याचा ढीगच होतो. हा सगळा हिशेब झाला की मग जागा ठरायची, आणि जागा ठरवताना जनावराच्या आधी वारं.

"पयले वारं पाह्य, मंग जनावर," सालदारबाबा म्हणायचे. "डुकराचा डोया कच्चा, पन नाक? नाक म्हंजे पटवाऱ्याचं." पटवाऱ्याचं नाक का, ते मला खूप उशिरा कळलं.

ते बोंडातला कापूस चिमटीत घेऊन, तंतू मोकळे करून सोडून द्यायचे. दिवसा एक, दिवस बुडताना एक आणि चांदण्या निघाल्यावर एक. हिवाळ्यात दिवस बुडाला की उतारावरची थंड हवा जड होऊन नाल्याकडे वाहू लागते, दिवसभराचं वारं कुठूनही असो. म्हणून रात्रीचं लपण जनावराच्या वाटेच्या वर बांधायचं नाही, खालच्या अंगाला बांधायचं. तुमचा वास खाली वाहून जातो, त्याचा वास तुमच्याकडे येतो. हे कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. मी पुढे भूगोल शिकवला, तेव्हा पर्वतीय वारे हा धडा घ्यायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

जागेमागे एखादं दाट झुडूप हवं, बोरीचं किंवा पळसाचं, म्हणजे मागून आभाळ दिसत नाही आणि माणसाच्या डोक्याचा काळा गोळा उठून येत नाही. मग खड्डा. दोन माणसांना मांडीला मांडी लावून बसता येईल एवढा लांब आणि गुडघाभर खोल, पाय खाली सोडून बसता यावं म्हणून. मांडी घालून बसलेला माणूस तासाभरात चुळबुळ करतो, पाय सोडून बसलेला तीन तास काढतो. खड्ड्याची माती टोपल्यानं उचलून दूर नाल्यात टाकायची. ताज्या मातीचा रंगही वेगळा आणि वासही.

चार कोपऱ्यांना चार मेढी, वर आडवी लाकडं, आणि भिंती तुराट्यांच्या. तुराट्या मागच्या वर्षीच्या, वाळलेल्या. त्यावरून बोरीच्या काट्या. हिरवी फांदी एकही तोडायची नाही. नवखा माणूस इथेच फसतो. त्याला वाटतं हिरव्यात हिरवं लपतं. पण तोडलेली फांदी दुसऱ्या दिवशी मान टाकते, तिसऱ्या दिवशी पानं वळून त्यांची पांढरट बाजू वर येते, आणि कापल्या जागेचा चिकाचा वास तर पहिल्याच रात्री गावभर. वाळलेलं ते वाळलेलंच राहतं. वर छत पाहिजेच, पावसासाठी नाही, चांदण्यासाठी. तोंडावर उजेड पडला की पापणी हललेलीसुद्धा दिसते. समोर एक आणि बाजूला दोन झरोके, बसल्यावर डोळ्यांच्या पातळीत येतील असे, आणि तळहाताहून मोठे नाहीत. खाली पालापाचोळा किंवा कुटार नाही, झाडलेल्या मातीवर पोतं. मागून आत शिरायचं आणि काट्यांचा झाप ओढून घ्यायचा. बिबट्या आमच्याकडे तेव्हाही होता. बसायच्या आधी काठीनं सगळं लपण बडवून घ्यायचं, कारण तुम्ही यायच्या आधी तिथे दुसरं कोणी राहायला आलेलं असू शकतं.

आणि मग ते आठ दिवस तसंच सोडून द्यायचं. "शिळं होऊ दे," म्हणायचे. जनावराला त्याची सवय झाली पाहिजे. आज बांधलं आणि आजच बसला, तो उपाशी उठला.

आत बिडी नाही, डोक्याला तेल नाही, बोलणं नाही. (आताच्या पोरांना खर्रा सोडून दोन तास बसवणं डुकरं हाकलण्याहून अवघड जाईल, ते मला मान्य आहे.) पण लपून बसणं म्हणजे दिसेनासं होणं नव्हे, हे सालदारबाबांचं म्हणणं होतं. "मानूस दिसला तरी चालते, हालला नाई पायजे." पहिल्या रात्री मला वाटलं होतं, अंधारात काय दिसणार. पण आधी ऐकू येतं. टिटवी ओरडते, म्हणजे जमिनीवरून कोणीतरी चाललंय. चितळाची शीळ एकदाच आली तर शंका, परत परत आली तर खात्री. वानर झाडावरून खाकरलं तर डुक्कर विसरा, काही मोठं निघालं आहे. आणि डुकरं तर वासावरूनच कळतात, मग शेंगा कुरतडल्याचा आवाज, मग पिल्लांची कुरकुर.

मोठेबाबांकडे पीक राखायच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिचा नियम त्यांनी आम्हा पोरांना इतक्यांदा ऐकवला होता की आम्ही तो पाढ्यासारखा म्हणायचो. काळं दिसलं म्हणून गोळी नाही. तोंडापासून शेपटीवरी पुरं जनावर दिसलं पाहिजे. मागे माणूस, बैल, वाट काय आहे ते माहीत पाहिजे. मादीसोबत पिल्लं असली तर बंदूक खाली. एवढ्या अटी लावल्यावर बंदूक वाजणार कधी? दहा रात्री बसले तर एखाद्या रात्री वाजायची. बाकीच्या नऊ रात्री काय व्हायचं? डुकरं आली, मोजली, कळप किती, कुठून आली ते पाहिलं, आणि मोठेबाबा खोकले. बस्स. एका खोकल्यात सगळा कळप नाल्यापार. त्यांचं नाक फसलेलं असताना दहा हातांवरून माणसाचा आवाज येतो, याचा जो धसका ते जनावर घेतं तो फटाक्यानंही घेत नाही. फटाके दूर कुठेतरी वाजतात आणि दोन दिवसांत त्यांना कळतं की हा नुसता आवाज आहे. खोकला कुठून आला ते मात्र कळत नाही.

मी लपणाच्या बाजूनं बोलतो ते यासाठी. त्यात बसलेला माणूस आधी पाहायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचा. तार न पाहताच ठरवून मोकळी झालेली असते.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो यायलाच हवा होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्या डोळ्यांदेखत जीपला झोतदिवे लावून रात्रीत सांबरं पाडणारे शहरी शिकारी मी पाहिले आहेत. ते काही लपणात बसत नव्हते. मोठेबाबांची बंदूक ठाण्यात जमा झाली. पण कायद्यानं बंदूक काढली, बसणं काढलं नव्हतं. जागलीवर बंदी नव्हती. बसणं आपण सोडलं. सालदारकी संपली, ते चांगलंच झालं, पण सालदाराबरोबर त्याचं शहाणपण गेलं आणि ते विकत घ्यायची गरज कुणाला वाटली नाही. पोरं बुटीबोरीला कंपनीत लागली. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं. गावात टीव्ही आला. रात्रभर थंडीत बसणं हे गरिबाचं लक्षण ठरलं. आणि ज्याला रात्री झोपायचं आहे आणि पीकही राखायचं आहे त्याच्यासाठी तार निघाली.

तार म्हणजे काय ते सरळ सांगतो, कारण काही लोक तिची नि सौर कुंपणाची मुद्दाम गल्लत करतात. सौर कुंपणाच्या तारेत झटका असतो. व्होल्टेज हजारांत असतं, पण प्रत्येक झटका सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्याएवढा, आणि दोन झटक्यांत साधारण सेकंदभराची विश्रांती. त्या विश्रांतीत जनावर मागे सरकतं. माणूसही सरकतो. लाइनवरून आकडा टाकून घेतलेला दोनशे तीसचा करंट सलग असतो. तो स्नायू आवळून धरतो आणि सोडत नाही. जो चिकटला तो चिकटला. एक हाकलण्याचं साधन आहे आणि दुसरं मारण्याचं. तारवाल्यानं 'कुंपण' हा शब्द वापरूच नये.

२०१७ साल आठवा. एप्रिलमध्ये नागभीडकडे 'श्रीनिवास' नावाचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ अशाच करंटनं मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो बछडा. त्याच वर्षी ऑक्टोबरात आमच्याच वर्धा जिल्ह्यात एक वाघीण तारेत गेली. ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली ती वाघीण माणसांवर हल्ले करते म्हणून तिला गोळी घालायची की नाही यावर कोर्टकचेरी चालली होती. कोर्टात वकील भांडले, जंगलात पथकं फिरली, आणि निकाल लावला कुणाच्या तरी डुकरासाठीच्या तारेनं. इतका मोठा खटला आणि न्यायाधीश गुडघ्याखालची एक तार!

वाघ मेला तर वर्तमानपत्रात येतं. गाय मेली, रानमांजर मेलं, तर तारवाला पहाटे पुरून टाकतो. आणि माणूस मेला तर?

आमच्या शेजारच्या गावातली गोष्ट आहे. नाव सांगत नाही, त्या घराला आता काय सांगायचं उरलं आहे. चोवीस वर्षांचा मुलगा. त्या आठवड्यात शेतपंपाची लाइन रात्रीची होती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळी असते हे शेतकऱ्याला सांगायला नको; बाकीच्यांना सांगतो, की ज्या वेळी तीन फेज येते त्याच वेळी मोटर चालते, मग ती वेळ रात्री एकची का असेना. तो हरभऱ्याला पाणी द्यायला गेला. पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला धुरा ओलांडला. पाय ओले, माती ओली. तार त्याच्या सख्ख्या चुलतभावाची. दोघांनी त्या सांजेला एकाच टपरीवर चहा घेतला होता. चुलतभावानं सांगितलं होतं म्हणे, "आज तिकडून जाऊ नको," पण कोणत्या धुऱ्यानं ते नीट सांगितलं नव्हतं, का यानं नीट ऐकलं नव्हतं. आता ते कोण ठरवणार.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याची आई, मी त्यांना काकू म्हणतो, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हात थांबवले नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, तार कोनाची होती, हे पोलिसानं इचारलं. रातची लाइन कोनं देली, हे कोनीच नाई इचारलं."

मला या वाक्याच्या पुढे जाऊन काही बोलता येत नाही. पण त्याला धरून एवढं म्हणतो, की तारेच्या बाजूनं जे जे बोललं जातं ते काकूंसमोर बसून बोलून दाखवावं.

काय बोललं जातं? पहिलं म्हणजे, डुकरं फार झाली. खरं आहे. मी नाकारत नाही. एका रात्रीत कळप अर्धा एकर हरभरा उलथून टाकतो. खातो थोडं, नांगरतो जास्त. आणि ज्याचं वावर नाही त्यानं यावर दयेचं प्रवचन देऊ नये. नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा, वनरक्षक, तलाठी, कृषी सहायक, यांची तोंडं एका दिवशी एका बांधावर आणणं हे डुकरं हाकलण्याहून कठीण. माझा स्वतःचा एक अर्ज एका कार्यालयात इतके दिवस पडून होता की तोवर त्याच वावरात पुढचं पीक उभं राहिलं. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. पण राग खरा आहे म्हणून तार खरी ठरत नाही. तारेनं कळप संपत नाही, एक-दोन जनावरं मरतात. बाकीचा कळप आठवडाभर दुसऱ्या धुऱ्यानं, म्हणजे शेजाऱ्याच्या वावरातून, येतो. मग शेजारी तार लावतो.

दुसरं म्हणजे, कायदा आम्हाला काहीच करू देत नाही. हे अर्धवट आहे. त्याच १९७२ च्या कायद्यात कलम ११ आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेलं जनावर, ते सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत नसेल तर, अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनं मारता येतं. डुक्कर त्यात बसतं. परवानगी मिळणं सोपं नाही, हे कबूल. पण ती मिळाली तरी मारायचं कसं? बाहेरून गाडीतून नेमबाज येतो, बॅटरीच्या झोतात चमकलेल्या डोळ्यांवर गोळी सोडतो, जखमी डुक्कर तुरीत शिरतं आणि सकाळी निंदणाऱ्या बाईवर धावून येतं. ज्याला आधी आठ रात्री त्या लपणात बसून कळप मोजायचा नाही, त्याला ती परवानगी देऊच नये असं माझं मत आहे.

तिसरं आमच्याच सुशिक्षित पोरांचं. "गुरुजी, तुमचं ते जुनं झालं. आता कोण बसते?" कोण बसते ते सांगतो. शहरातले लोक पैसे देऊन बसतात. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढायला नागपूर-पुण्याहून माणसं येतात, आणि जागा मिळाली नाही तर हळहळतात. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी हिरव्या जाळीची लपणं भाड्यानं मिळतात. समोर पाण्याचं भांडं, दाणे, डबीतल्या अळ्या. मला ती फारशी आवडत नाहीत. ताट मांडून बोलावलेल्या पाहुण्याला पाहण्यात लपायचं काय आहे? जनावराची वाट शोधून तिथे बसणं आणि जनावराला आपल्या खुर्चीसमोर आणणं यात फरक आहे. तरीपण एवढं तर दिसतं, की बसणं जुनं झालेलं नाही. ते आमच्याकडून सुटलं आणि दुसऱ्यांनी उचललं.

आणि बंदुकीशिवाय लपणाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला दोन माणसांची नावं सांगतो. सालिम अली १९३० साली किहीमला सुगरणीच्या वसाहतीसमोर दिवसच्या दिवस आडोशात बसले, आणि एक नर घरटं अर्धवट विणून माद्यांना दाखवतो, एकीचं पटलं की दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो, हे त्या बसण्यातून जगाला कळलं. व्यंकटेश माडगूळकर तर बंदूक चालवलेला माणूस, त्यांनी ती ठेवली आणि नागझिऱ्यात वानरांच्या टोळ्या पाहत राहिले. त्यातून 'सत्तांतर' निघालं. दोघांनी जे केलं ते आमचे सालदारबाबा दरवर्षी दोन महिने करत होते. त्यांना लिहिता येत नव्हतं एवढंच. कोणत्या नाल्यात किती डुकरं, किती माद्या, किती पिल्लं, वाघ कोणत्या पंधरवड्यात फिरून गेला, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ होतं. आज आमच्या शिवारात डुकरं किती आहेत हे गावातला एकही माणूस छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. "लई झाली," एवढंच सांगतात. मोजायला बसावं लागतं.

आता पैशाचं. माझ्या मते खरी गाठ तिथे आहे, आणि त्यावर कोणी बोलत नाही. पीक गेलं तर सरकार भरपाई देतं. माणूस गेला तर देतं. कुंपणाला अनुदान देतं. पण जागणाऱ्याच्या रात्रीला काही किंमत नाही. १९७२ च्या दुष्काळात, म्हणजे ज्या साली वन्यजीव कायदा आला त्याच साली, याच महाराष्ट्रानं हाताला काम मागणाऱ्याला काम द्यायचं ठरवलं, आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. तेव्हापासून आपण खड्डे खणले, गिट्टी फोडली, बांध घातले. गिट्टी फोडणं काम आहे, तर अख्ख्या शिवाराची रात्रभर राखण करणं काम का नाही? मोजमाप होत नाही म्हणतात. होतं की. किती रात्री, कोणत्या लपणात, किती जनावरं आली, कुठून आली, याची वही. तीच वही वनखात्याला द्या. फुकटात गणना.

माझा आमच्या शिवाराचा हिशेब असा आहे. जंगलाकडची बाजू, जिथून खरंच येणं आहे, तिथे पाच लपणं. प्रत्येकात दोन माणसं, एकट्यानं कधीच नाही. तूर भरायला लागल्यापासून हरभरा निघेपर्यंत साधारण साठ रात्री. पाळी लावली तर एका घराच्या वाट्याला जेमतेम आठवडा येतो. बॅटरी, शिट्टी, मोबाइल मुका करून. बंदूक नाही. सौर कुंपण ज्यांना परवडलं त्यांनी खुशाल लावावं, पण त्यालाही राखणदार लागतोच. तारेला गवत टेकलं की झटका मातीत जातो, आणि डुक्कर खालून उकरतं. हे रात्री कोणीतरी पाहायला हवं. आणि या सगळ्याआधी शेतपंपाची लाइन दिवसा. ही मागणी जुनी आहे, काकूंची आहे, आणि तिच्यात काही अशक्य नाही.

ग्रामसभेत मी हे दोनदा मांडलं. पहिल्या वेळी हसले. दुसऱ्या वेळी एकानं विचारलं, "गुरुजी, बसनार कोन, तुमी?" मी म्हटलं, बसतो. सत्तरी झाली, डोळा गेला आहे थोडा, पण कान शाबूत आहेत, आणि खोकला तर आता फुकटचा आहे. त्यावर मात्र कोणी हसलं नाही. दोन पोरांनी नंतर घरी येऊन विचारलं की खड्डा किती खोल घ्यायचा. गुडघाभर, म्हटलं, आणि माती नाल्यात टाका.

यंदा तूर निघाली की तुराट्या पेटवून देऊ नका. एका लपणाला सहा-सात भारे लागतात, आणि ते वर्षभर वाळलेले असले पाहिजेत. गोठ्याच्या माळ्यावर, उंदीर लागणार नाहीत असे, बांधून ठेवा. मेढी बाभळीच्या चालतात. बोरीच्या काट्या मी देईन.